सुकीचं पाणी

पडदा वर जातो. जव्हारच्या दवाखान्याचा लांबट वॉर्ड. कौलांतून उतरलेली उन्हाची तिरीप. एका खाटेवर चादरींचा तंबू आणि त्यातून निघणारी वाफ. आमच्या नाटक कंपनीत स्वर्गाच्या देखाव्याला ओला पेंढा जाळून धूर करायचे, पण असा कधी साधला नाही. तंबूच्या तोंडाशी उकिडवी बसून, लांब चोचीच्या किटलीखालचे कोळसे फुंकते आहे ती सुकी. खोडाळ्याकडची कातकरीण, वॉर्डातली कामवाली.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. दसऱ्याचे आमचे खेळ बंद पडले, कंपनी पांगली, आणि मी हिवतापाने शेजारच्या खाटेवर कुडकुडत होतो.

तंबूत होता जंगल ठेकेदाराचा चार वर्षांचा गजू. घटसर्पाने त्याचा गळा बंद झाला, म्हणून डॉक्टरांनी मानेला छेद देऊन चांदीची नळी बसवली होती. ठेकेदाराला ते म्हणाले, "नाकातली हवा ओली होऊन आत जाते. नळीतून कोरडीच जाते. कफ वाळला की नळी बंद. ही वाफ तुटता कामा नये."

"पोराला भातासारखा वाफवते बघ," सुकी मला म्हणाली. "तुला पण घालू का आत, राजा?" मी राजांची कामं करायचो हे तिला कळलं होतं. हसली की मिशरीने काळे झालेले दात दिसायचे.

डॉक्टर अडलेल्या बाळंतिणीसाठी मोखाड्याला गेले. तेवढ्यात ठेकेदाराची आई, आक्का, नातवाजवळ येऊन बसल्या.

"किटलीत पाणी कुणी भरलं गं?"

"मीच. दुसरा कोण भरील?"

"म्हणजे तुझं पाणी माझ्या नातवाच्या छातीत?"

"पाणी नाय आक्का, वाफ हाय."

"वाफ म्हणजे पाणीच की! मला शिकवतेस?"

विटाळ कायद्याने संपला होता. पण आक्कांच्या घरी कायद्यालाही ओट्याखालीच उभं राहावं लागे. त्यांनी किटली मोरीत उपडी केली, शेगडी विझवली. घरचं पाणी, घरची शेगडी, घरचे कोळसे आणायला गडी पिटाळला. सुकी धावली, तर ठेकेदाराच्या माणसांनी तिला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं.

मी होता नव्हता तेवढा आवाज लावला. "बाई, पोर मरेल! शेगडी पेटवा!"

"नाटक्या, पडून राहा," आक्का म्हणाल्या.

नळी आधी शिट्टीसारखी वाजू लागली. मग घरघरली. मग वाजेनाशी झाली. गडी घागर घेऊन दारात आला तेव्हा गजू निळा पडला होता.

"हिच्याच वाफेनं बाधलं माझं पोर!" आक्कांनी हंबरडा फोडला. धावत आलेल्या ठेकेदाराने सुकीच्या थोबाडीत दिली. ती मोरीतली किटली उचलून राखेने घासायला बसली.

पाचसहा वर्षांनी मी तिच्यासाठी एक हिरवं लुगडं घेऊन पुन्हा जव्हारला गेलो. तोच वॉर्ड. त्याच खाटेवर आक्का, न्युमोनियाने वाळून काडी झालेल्या. उशाशी ठाण्याहून आलेलं ऑक्सिजनचं नळकांडं. वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत मुखवट्यात जात होता, कोरडा वायू घसा जाळतो म्हणून. आणि ती बाटली भरायचं काम सुकीकडे होतं.

तिने लुगडं छातीशी धरलं, मला हसून बसवलं. मग उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं आणलं. आक्कांच्या डोळ्यांसमोर त्यात आपला हात मनगटापर्यंत बुडवला. सावकाश फिरवला. तेच पाणी बाटलीत ओतलं. बुडबुडे पुन्हा सुरू झाले.

आक्कांनी मुखवटा ओढून काढला. छाती भात्यासारखी उडू लागली, ओठ काळवंडले. मी उठलो, पण त्याआधी त्यांच्याच हाताने मुखवटा परत नाकावर गेला.

सुकीने खाली वाकून त्याची पट्टी नीट केली.

"ओढ, आक्का, ओढ. गजूला देऊ दिलं नाहीस, तंच पाणी हाय."