रेवाबेनचा पंखा

नील आणि ईरा,

मंगळवारच्या तासाला वही मिटताना नीलने विचारलं, "आजी, रेवाबेन खरंच होत्या, की वाक्यांसाठी तू बनवल्यास?" मी "होत्या" एवढंच म्हणाले आणि इंटरनेट गेल्याचं सांगून फोन बंद केला. इंटरनेट गेलं नव्हतं. रेवाबेनना जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि मला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. आता नीट लिहिते. मराठीतच लिहिते, कारण रेवाबेन इंग्रजीत मावत नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि घोलवडला राहायला आले. घरामागे चिकू निवडायची आणि भरायची शेड आहे. पहिल्याच महिन्यात बहिणीला खोका पाठवायचा म्हणून मी तिथे गेले. वरचे चिकू एकसारखे, गोल, बघण्यासारखे. मी म्हटलं, "हाच द्या." तेवढ्यात गोणपाटावर बसलेल्या एका धिप्पाड बाईंनी माझ्या हातातून खोका घेतला आणि सरळ जमिनीवर पालथा केला.

"वरचा थर तर सगळेच सारा, चांगला लावतात, बाई. खालचा बघा ने."

खालचे चिकू लिंबाएवढे होते. शेडचे मालक शेठ शेजारीच उभे होते आणि खोका त्यांचाच होता. रेवाबेन त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "असं काय बघता, शेठ? बाई मास्तरीण आहेत. आज फसतील, पण उद्या सगळ्या गावाला शिकवतील." शेठनी दुसरा खोका भरायला सांगितला.

रेवाबेन गुजराती शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी शून्य. पण चिकूवर नख ओढून, आत हिरवं आहे की पिवळं हे बघून, तो कधी पिकेल हे त्या वार धरून सांगत. त्यांचा हात निवडत असे आणि तोंड बोलत असे. एक थांबलं की दुसरंही थांबे.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या आईबाबांनी तिकडे कॅनडात तुम्हाला घरीच शिकवायचं ठरवलं. गणित बाबांकडे, विज्ञान आईकडे आणि इंग्रजी व्याकरण माझ्याकडे, आठवड्यातून तीन दिवस, व्हिडिओ कॉलवर. अट एकच होती: पुस्तकात कुठल्याही धर्माचा उपदेश नको. बाबांच्या घरी चर्च, आपल्या घरी गणपती. आई म्हणाली, "सणाला दोन्हीकडे जातील. पण क्रियापद शिकताना कुणाची बाजू घ्यायला लागू नये." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "दसऱ्यापर्यंत पुस्तक ठरव, आई. नाहीतर मी त्यांना ॲपवर बसवते."

ॲप आलं असतं, तर तुम्ही मला वाढदिवसाला दिसला असता, केक कापण्यापुरते.

मी कामाला लागले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुमची आई म्हणते की मी मसाल्याचे डबेसुद्धा अकारविल्हे लावते. मी सात रकान्यांचा तक्ता केला, अकरा पुस्तकांची नमुना पानं वाचली, गुण दिले. पहिलं आलेलं पुस्तक परदेशातलं होतं. नमुन्यात पाऊस, भरती-ओहोटी, पाव भाजणं असे धडे. मी आनंदाने मागवलं. कुरिअर आलं तेव्हा रेवाबेन ओट्यावर चहा पीत होत्या.

"पालथं करून बघितलं का?"

"रेवाबेन, हे पुस्तक आहे."

"मग काय झालं? भरणारा माणूसच ने?"

त्यांनी पुस्तक घेतलं, मागून उघडलं, मधल्याच एका वाक्यावर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा." मी मराठी करून वाचलं: "आज्ञाधारक मुलगी दर रविवारी आनंदाने प्रार्थनेला जाते." त्यांनी पान उलटून पुन्हा नख ठेवलं. "जास्त प्रश्न विचारणारा मुलगा वाट चुकतो." पाऊस आणि पाव पहिल्या चाळीस पानांतच संपले होते. एवढी वर्षं त्या शेडच्या शेजारी राहून मी वरचा थर बघून माल घेतला होता.

मग माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने इथलंच एक पुस्तक दिलं. त्यात पहाटे उठून स्नान करणारी, देवापुढे हात जोडणारी, मोठ्यांना उलट न बोलणारी मुलं होती. मला वाटलं, हे रेवाबेनना आवडणार. दर वर्षी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला जाणारी बाई! त्यांनी चार वाक्यं ऐकली आणि पुस्तक परत दिलं.

"चिकू तेच, बाई. खोका बदलला."

"पण तुम्ही तर एवढं देवाचं करता!"

"करते ने. महालक्ष्मीला मी इंग्रजी विचारत नाही, आणि इंग्रजीने मला महालक्ष्मी शिकवू नये. देवीला कमी कामं आहेत का?"

तिसरं पुस्तक अगदी निर्मळ होतं. देव नाही, उपदेश नाही. 'वस्तू टेबलावर आहे. वस्तू टेबलाखाली आहे.' रेवाबेन बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "यात देव पण नाही आणि माणूस पण नाही. इथे राहतं कोण?"

दसऱ्याला चार दिवस उरले. मी तक्ता फाडला. माझ्या हातून काही फाडलं जाणं ही काय गोष्ट आहे, हे तुमच्या आईला कळेल. मी शेडमध्ये जाऊन रेवाबेनच्या शेजारी गोणपाटावर बसले आणि म्हटलं, "संपलं. पोरं ॲपला गेली."

रेवाबेनचा हात थांबला, तोंड मात्र नाही. "बाई, तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलं. बाग तुमच्या घरची, आणि खोके बाहेरून कशाला मागवता?"

"नियम आहेत माझ्याकडे. वाक्यं कुठून आणू?"

"वाक्यं?" त्यांचा हात परत चालू लागला. "लिहा. माझी नणंद तलासरीहून आली. नणंद माझा पंखा घेऊन गेली. नणंद पंखा परत आणत नाही."

अशी आपली वही सुरू झाली. क्रम माझा, माणसं त्यांची. त्या मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. अच्छाडच्या ढाब्यावर ट्रकवाला इतका वेळ जेवला की गाडीतले चिकू पिकले. शेठ खोक्यावर बसले आणि खोक्यासकट खाली गेले. पण प्रत्येक धड्यात फिरून यायचा तो पंखाच. नणंद पंखा आणते आहे. नणंद पंखा आणणार होती. पाऊस पडला नसता, तर नणंदेने पंखा आणला असता.

दसऱ्याच्या दिवशी तुमच्या आईने परीक्षा म्हणून पहिला धडा घ्यायला लावला आणि स्वतः मागे हाताची घडी घालून उभी राहिली. धडा संपला. ईरा म्हणाली, "मग पंखा मिळाला का?" मी म्हटलं, "पुढच्या धड्यात." नील म्हणाला, "पुढचा धडा आत्ताच घे." आईने हाताची घडी सोडली. ॲपचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी बातमी सांगितली तेव्हा रेवाबेन शेडभर ओरडल्या, "ऐका! माझी नणंद कॅनडाला पोचली!" पण कॅमेऱ्यासमोर काही त्या कधी आल्या नाहीत. "फोटोत मी जाडी दिसते. वाक्यात बारीक आहे, तेच बराबर."

या फेब्रुवारीत त्या आजारी पडल्या. मार्चमध्ये उकाडा वाढला. पत्र्याच्या खोलीत पडून असत, पदराने वारा घेत. मी म्हटलं, "आता बास झालं. मी तलासरीला जाऊन तुमचा पंखा घेऊन येते." त्यांनी माझा हात धरला.

"नको हां, बाई. पंखा आला तर पोरांना पुढे काय सांगाल?"

मी माझा टेबलफॅन नेऊन लावला. तो त्यांनी ठेवून घेतला, पण रोज टोमणा मारत, "हा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करतो. मास्तरांचाच ने." विवळवेढ्याची जत्रा भरायच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

तेराव्याला एक हडकुळी बाई रिक्षातून उतरली. हातात साडीत गुंडाळलेला पंखा. मला बघून म्हणाली, "तुम्हीच का त्या बाई? मी तर दुसऱ्याच वर्षी आणणार होते. पण भाभीने फोन केला, 'आणू नको, तू पुस्तकात आहेस.' मग कसा आणू? तिकडे पोरं विचारतात ने अजून?"

"विचारतात," मी म्हटलं.

"मग सांगा त्यांना. आणला म्हणून." आणि ती पंखा मांडीवर घेऊन शेडच्या पायरीवर बसून रडली.

तर नील, रेवाबेन होत्या. आणि ईरा, पंखा मिळाला. तो शेडमध्ये रेवाबेनच्या गोणपाटाशेजारी ठेवला आहे, आणि चालतो. वही माझ्या टेबलावर आहे. तिच्या अठ्ठावीस पानांवर चिकाचे डाग आहेत, आणि शेवटची सहा पानं अजून कोरी आहेत.