निळा ठिपका

वॉल्टर गेल्याचं कळलं ते त्याच्या मुलीच्या पत्रातून. पत्र गोदीच्या ऑफिसात पंधरा दिवस पडून होतं, शेवटी टाइमकीपरनं हाक मारून हातात दिलं. मजकूर दोनच ओळींचा, आणि खाली, ‘बाबा तुमच्या खोलीवरच्या चहाबद्दल नेहमी बोलायचे.’ चहाबद्दल! मी तिथेच एका रिकाम्या पिंपावर बसलो.

वॉल्टर भेटला तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. बहारीनच्या गोदीत जहाजं दुरुस्तीला यायची आणि आमच्या रंगखात्याचा फोरमन होता हा सहाफुटी काळा अमेरिकन. कुणी ‘सर’ म्हटलं की भडकायचा. त्याच्या गावी काळ्यांना पाण्याचा नळ वेगळा होता. अर्जविनंत्या करून थकल्यावर त्यानं हातोडा घेतला आणि नळ फोडला. गोऱ्यांचा नाही हं, काळ्यांचाच! “आता एकच उरला, सगळे तिथेच प्या,” म्हणाला. त्यापायी तुरुंगात गेला. सुटून आल्यावर काळ्यांच्या हक्कांच्या सभांना दाराशी राखणीला बंदूक घेऊन उभा राहायचा. “हात जोडून मिळालेलं पुन्हा काढून घेतात,” असं त्याचं म्हणणं. मला त्याची भीतीच वाटायची, खोटं कशाला बोलू?

हूरा वस्तीतल्या खोलीत आम्ही सहाजण, सगळे कोकणातले. कप एकसारखे, पांढरे एनॅमलचे. सखाराम फिटर, महाडकडचा, सगळ्यांत शेवटी राहायला आला. तो आला त्याच दिवशी आमच्यातले वडीलधारे दाजी हळूच म्हणाले, “त्याचा कप तेवढा वेगळा असू दे. ओळखू येईल असं कायतरी कर रे.” हे मला, कारण रंग माझ्या हाताशी. मी एका कपाच्या बुडाला निळा ठिपका दिला. दोन मिनिटांचं काम. समुद्र ओलांडून आलो, पण शिवाशिव ट्रंकेत घालून बरोबर आणलीच होती. सखारामनं काही विचारलं नाही. आपला कप आपण विसळायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. त्याला काही वाटत नाही, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली.

एका शुक्रवारी वॉल्टर चहाला आला. त्यानं खिडकीतला एकटा कप पाहिला, उलटा केला. “हा तर आपल्या गोदीतला रंग. कशासाठी?” उत्तर दिलं ते सखारामनंच, “माय कप. ओन्ली माइन.” वॉल्टरनं हट्टानं त्याच कपातून चहा घेतला आणि निघून गेला. सुटलो, असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी तो डबा आणि ब्रश घेऊन हजर. सगळे कप फरशीवर पालथे मांडले आणि एकेकाच्या बुडाला निळा ठिपका देत गेला. दाजींच्याही. मग ब्रश पुसत म्हणाला, “खलास!”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “हातोडा नाही आणला?”

“वय झालं,” तो हसला. “आणि कप ठेचले तर मला चहा कशातून देणार?”

दाजींनी दोन दिवस चहा सोडला. तिसऱ्या दिवशी डोकं धरलं तेव्हा निमूटपणे हाताला लागेल तो कप उचलला. पहिला ठिपका कुणी दिला हे वॉल्टरनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही... दहा वर्षं.

पत्र घेऊन मी सखारामकडे गेलो, तो आता जिदहफ्स गावात बिऱ्हाड करून राहत होता. त्यानं ते दोनदा वाचून घेतलं. वहिनींनी चहा आणला. खोली मोडली तेव्हा प्रत्येकानं एकेक कप नेला होता, त्यातलाच सखारामच्या वाट्याचा नेमका माझ्यापुढे आला. मला राहवेना.

“सखाराम, तो पहिला ठिपका...”

“तुझ्या अंगठ्याला आठवडाभर निळं होतं की रे. मला पहिल्यापासून ठाऊक आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो.”

मला फार लाज वाटली. चहा संपवून मी उठलो, आणि त्या घरात पहिल्यांदाच स्वतःचा कप स्वतः विसळला. पालथा घालताना ठिपका दिसला. जहाजाचा रंग तो, इतकी वर्षं घासूनही जराही फिका झालेला नाही.