गाडी वाढली, खळो आटलो

माझ्या दिराच्या तीन गाडये मी बगलंय. तिन्ही एकाच कंपनीचे, तिन्हींचा नावय एकच. पण दर खेपेक गाडी वाढली आणि माझो खळो आटलो. लोक म्हणतत, म्हातारी आजून ताच धरून बसली हा. बसलंय. दुसरा काय धरू?

खळो म्हणजे घरासमोरचा आंगण. आमचो खळो शेणान सारवलेलो, कडेक चिऱ्यांचो गडगो, म्हणजे बुटकी भित. घोव गेल्यापासून माझा पोट त्या खळ्यार. एप्रिल-मेत बांगडे, पेडवे उन्हात घालूचे आणि पावसात होडये बंद झाले काय तीच सुकी मासळी टोपलेत घेवन दारोदार विकूची. दुसरी मिळकत नाय. दीर चवदा वर्सा मुंबयत खोलयेत रवलो, तेवा म्हयन्याच्या म्हयन्याक सुक्या बांगड्यांचा पुडका मी तेका धाडी. तेवा तेका वास येय नाय होतो.

पयली गाडी इली ती अठ्ठ्याण्णव सालच्या मे म्हयन्यात. आखूड, उंच, नाक बसका. दीर म्हणालो, "वयनी, ही कंपनी आधी फक्त बड्या लोकांच्या गाड्या काढायची. आता आमच्यासारख्यांसाठी ही छोटी काढलीय."

गाडयेबरोबर ही शेरातली भाशाय इली. आदी तो माझ्याशी आपल्याच बोलयेत बोला.

मी म्हटलंय, "म्हणजे मोठ्या घराण्याचा शेंडेफळ."

तो हसलो नाय. नाकावरचो बिल्लो रुमालान पुशीत रवलो.

खरा सांगूचा तर त्या गाडयेचो माका काय त्रास नाय. मासळयेच्या बाजून येय, खळ्यात गिरकी मारी आणि भायर जाय.

आमच्याकडे नवी वस्तू इली काय देवाक गाऱ्हाणा घालतत. जाणतो गावकार नारळ घेवन सगळ्यांच्या वतीन मागता, आणि दर मागण्याक बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणूचा. गावकारान सुरू केल्यान, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान गाडी हाडल्यान हा, ती वर्साच्या वर्साक दारापर्यंत येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या वाटेत जा काय आडवा येतला, ता बाजूक कर."

"व्हय म्हाराजा."

माझो आवाज सगळ्यात मोठो होतो. आडवी मीच येतलंय, ह्या माका काय ठावक?

चार वर्सांनी ती इकून तेनी दुसरी घेतल्यान. तोंड ताच, पण मागसून हातभर लांब. जाव म्हणाली, "मागे पाय ठेवायला जागा हवी ना हो, जाऊबाई." त्या हातभर लांबयेपायी गाडी खळ्यात फिरेना. मागे-फुडे, मागे-फुडे, आणि माझे बांगडे चाकाखाली. दुसऱ्या दिवशी दिरान गडगो फोडूक दोन गडी बोलावल्यान. मी आडवी उभी रवलंय.

"वयनी, गेल्या वेळी देवासमोर तुम्हीच होय म्हणाला होतात."

मी तशीच गावकाराकडे गेलंय. तो पान लावीत होतो.

"म्हटलंस मा व्हय? मगे? गाऱ्हाण्याक दिलेलो व्हय परत घेवक येयत नाय, बाय."

"मी गाडयेक म्हटललंय. खळ्याक नाय."

"देव काय वकील आसा, तुझो एकेक शबूद सोडवीत बसाक?" म्हणालो आणि पान तोंडात घातल्यान.

गडगो गेलो. अर्ध्या खळ्यार चाकांचे चरे पडले, थंय शेण धरीना. त्या वर्सा सुकी मासळी आषाढातच सोपली. मगे लोकांच्या शेतात वाकान लावणी केलंय, दोन्ही गुडघे सुजललले, आणि घराक येवन पेज आणि मीठ. दिराचा पत्र इला, गाडी बरी चलता म्हणान. माझ्या गुडघ्यांचा कोणी इचारूक नाय.

आणखी पाच वर्सांनी तिसरी. ही सगळीच येगळी. रुंद, लांब, आणि बसकी, गाभण म्हशीसारखी, पोट भुईक टेकूचा बाकी.

"नवीन पिढी आहे, वयनी. नाव तेच, पण आतून बाहेरून सगळं बदललंय."

"माणसासारखाच," मी म्हटलंय.

खळ्याच्या चढार तिचा पोट खरडला. झाला, दिरान बोट फिरवल्यान: हयसून थंयसर सगळो खळो खणूचो, उतार काढूचो आणि सिमेट घालूचा. जाव म्हणाली, "त्या निमित्ताने वास तरी जाईल. सीटना लागतो हो, आठ-आठ दिवस जात नाही."

"तुझ्या घोवाक चवदा वर्सा लागलो नाय तो," मी म्हटलंय. दिरान वळान बगूक नाय. तो वाकान गाडयेचा पोट तपाशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणा. सगळी वाडी खळ्यात जमली. गावकारान नारळ धरल्यान. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेपायी हो खळो सरळ होवंदे, आणि जो कोण आडवो येता तेका सुबुद्धी दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"नाय म्हाराजा," मी म्हटलंय.

गावकार माझ्याकडे वळलो. "गो, काय म्हटलंस?"

"नाय म्हटलंय."

"गाऱ्हाण्याक कोण नाय म्हणता?"

"दिलेलो व्हय परत घेवक येयत नाय, तुमीच सांगलात. म्हणान ह्या टायमाक आदीच नाय म्हणतंय."

मागे कोण तरी फिसकन हसला. गावकारान नारळ परत पिशयेत घातल्यान. "घरातला वडील माणूस नाय म्हणता. हो नारळ मी फोडूचंय नाय."

दीर लाल झालो. "हे घर माझंही आहे, वयनी."

"आसा मा. ये, जेव, नीज. गाडी रस्त्यार ठेव."

दुपारीच ती दोघां निघाली. उरलेल्या अर्ध्या खळ्यात बांगडे पसरललले आणि मी ते उचलूक नाय, म्हणान गाडी फिरवक जागा नाय. सगळी पाणंद उलट्या गाडयेन जावचा लागला. जाव मागसून चलत, "डावीकडे घ्या, अहो डावीकडे," आणि दीर खिडकीतसून मान भायर काढून तिच्यारच खेकसत.

तेच्यानंतर दीर येवक नाय. तीन वर्सा झाली. वाडयेतले बायलो म्हणतत, देवाक नाय म्हटलंस, कायतरी होतला. होतला तर होतला. मेच्या उन्हात बांगडे दिसाक दोनदा परतूचे लागतत, आणि ते मीच परततंय.