सुट्टीतली कामं

वडील पलटणीत, पण शिस्त आमच्या घरात आईची होती. चहाच्या आधी तिची यादी तयार. कॅलेंडरचं सरलेलं पान उलटं करून चुलीजवळच्या खिळ्याला टोचायचं आणि त्यावर दिवसाची कामं: दळण, उसाला पाणी, शेळीला पाला, धाकटीची वेणी. काम झालं की त्यावर रेघ मारायची. रेघ न मारता कुणी जेवायला बसलं तर आई ताटात भाकरी घालायची नाही. मला तिचा कितीदा राग आलाय, पण विसरलेलं काम त्या घरात दुसऱ्या दिवसापर्यंत कधी गेलं नाही.

शेजारच्या खिळ्याला दुसरा कागद असायचा. त्याच्या डोक्यावर 'सुट्टीत' असं लिहिलेलं. जे काम पुरुषमाणसानंच करायचं असं आईनं ठरवलेलं, ते त्या कागदावर जायचं आणि वर्षभर वाट बघत बसायचं. गोठ्याची कौलं, विहिरीवरच्या पंपाचा पट्टा, तलाठ्याकडची खेप, म्हसवडला देवाला जाणं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते वर्षातून दोन महिने यायचे, ट्रंक ठेवून पाय धुवायचे आणि आधी त्या कागदासमोर उभे राहायचे. "बगू, आमच्या साहेबांचा काय हुकूम हाय," म्हणायचे. आई तोंडाला पदर लावून हसायची. दुसऱ्या दिवसापासून त्यातली चार-चार कामं रोजच्या यादीत चढायची. गावातल्या बहुतेक फौजी घरांत सुट्टी अशीच जायची. लहानपणी मला वाटायचं, वडील म्हणजे दुरुस्तीला येणारा माणूस.

मी पंधरा वर्षांची असताना आबा पेन्शनीवर यायचे ठरले. माणूस सतरा वर्षं राबून येतोय, त्याला आता विसावा द्यायचा, असं माझ्या डोक्यानं घेतलं. दोन महिने मी त्या 'सुट्टीत'च्या मागं हात धुऊन लागले. गोठ्यावर चढून कौलं शाकारली, आई खालून ओरडत होती तरी. पंपाचा पट्टा बसवला. तलाठ्याकडं तीन हेलपाटे घातले, तिसऱ्यांदा तर त्याच्या दारातच बसकण मारली. मामाबरोबर म्हसवडला जाऊन नारळही फोडून आले. शेवटची रेघ मारून मी तो कागद काढला आणि त्या जागी कोरा टांगला. काय तोरा होता माझा!

आबा आले. पाय धुऊन कागदासमोर गेले.

"ह्ये काय गं?"

"सगळं झालंय आबा. आता तुमी नुस्तं बसायचं."

"झ्याक," म्हणाले, पण तिथून लवकर हलले नाहीत.

नंतरचे दिवस वाईट गेले. आबा पाचला उठून दाढी करायचे, बूट घालायचे आणि मग त्यांना जायला जागाच नसायची. एस्टी स्टँडवर जाऊन गाड्या बघून यायचे. झाडू हातात घेतला की आई म्हणायची, "आवं, ऱ्हाऊ द्या की." पंपाजवळ गेले तर त्यांच्या हातातला पाना मीच काढून घेतला. पंधरा दिवसांनी त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताचं पुण्याहून पत्र आलं. कारखान्यात वॉचमन पाहिजे होता, राहायला खोली मिळणार होती. आबांनी जेवताना ते दोनदा वाचलं.

"जाऊन बगावं म्हंतो. हितं माजं काय आडलंय?"

आईच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. मला रडू फुटलं. तिनं इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, त्याला मी माझ्या शहाणपणानं घरात पाहुणा करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तू बिघडायला लागल्या. पलंगाची नवार सैल झाली. स्टोव्ह हवा धरेना. मागच्या दाराची कडी निखळली, जी मी महिन्यापूर्वीच घट्ट बसवली होती. रोजच्या यादीत आता 'ह्यांचं' असा एक नवा भाग आला. माझ्या हाताला नावं ठेवल्यासारखं वाटून मी धुमसत होते. मग एका सकाळी घागर घेऊन परत आले तर आई मागच्या दाराशी उकिडवी बसून उलथन्याच्या टोकानं कडीचा स्क्रू उलटा पिळत होती.

"बगतीस काय? पानी वत," एवढंच म्हणाली.

चहा झाल्यावर आबा पेचकस घेऊन त्याच कडीपाशी बसले. मी स्क्रूचा डबा धरून उभी.

"पोरी," ते मान वर न करता म्हणाले, "ह्यो इस्क्रू आपोआप ढिला हुईत न्हाई. आन् ह्येच्यावर उलथन्याचा वरखडा हाय."

"आबा, आईला बोलू नगा."

"खुळी का काय! बोलतोय कशाला?"

"मग पुण्याला जाणार न्हाई?"

त्यांनी स्क्रू घट्ट केला, दार दोनदा लावून बघितलं. मग पेचकस उलटा फिरवून तो अर्धा आटा पुन्हा सैल केला.

"कसा जाऊ? उद्याचं काम ऱ्हायलंय न्हवं."