सुनंदाची अर्धी ओळ

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कटकट नको. भूत, अंगात येणं, लिंबू-मिरची, उतारा... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आज आहे असंही मी म्हणणार नाही. सोलापुरातल्या एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्क होते. जे कागदावर नाही ते नाही, ही माझी सवय. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी करमणूक म्हणून वाचते. आणि खाली 'मनाचे खेळ असतात हो ताई' असं लिहिणारे जे आहेत, त्यांनी निदान शेवटपर्यंत वाचून मग लिहावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

घर भवानी पेठेत. खाली मी आणि आमचे हे, वर माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको सुनंदा. म्हणजे माझी जाऊ. ती माहेरची जेऊरकडची, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. मला अक्का म्हणायची. वीस वर्षं आम्ही दोघींनी मिळून गोधड्या शिवल्या. घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी, गल्लीतल्या बाळंतिणींसाठी.

आमची शिवायची पद्धत सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उजव्या हातानं शिवणारी बाई धावदोरा घालते तो उजवीकडून डावीकडं. सुनंदा डावखुरी, तिचा दोरा डावीकडून उजवीकडं जायचा. म्हणून एकाच ओळीच्या दोन टोकांना आम्ही दोघी बसायचो. ती तिकडून यायची, मी इकडून जायची, मध्यावर भेटलो की पुढची ओळ. दोऱ्याची गाठ मी खालच्या बाजूला लपवते. ती गाठ वरच ठेवायची, चांगली शेपटासकट. त्यावरून आम्ही वीस वर्षं भांडलो.

सव्वा वर्षापूर्वी सुनंदा गेली. छातीचा कॅन्सर, डाव्या बाजूचा. वर्ष-दीड वर्ष तिच्या हाताला गाठ लागत होती आणि तिनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरीला नाही, मला नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

तेराव्याला पानं वाढायच्या वेळी तिची मुलगी रूपाली सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मोठी आई, तू रोज दुपारी तिच्याशेजारी बसायचीस. रोज. आणि तुला काहीच दिसलं नाही?"

तिला कुणी गप्प बस म्हणालं नाही, माझी बाजूही कुणी घेतली नाही. मला खरंच काही माहीत नव्हतं, पण त्या दिवसापासून मी गुन्हेगार. रूपाली बार्शीला दिलेली, तिचे फोन बंद झाले. तिला दिवस गेलेत हे मला दिरांच्या बोलण्यातून ओझरतं कळलं. डोहाळजेवणाला गल्लीतल्या चार बायका बार्शीला जाऊन आल्या, मला बोलावणं नाही. जिला मी न्हाऊमाखू घातलं, तिच्या डोहाळजेवणाला मी नाही.

राग मला रूपालीचा आला नाही. सुनंदाचा आला. तू मेलीस आणि जाताना मला तोंडघशी पाडून गेलीस. एवढी वीस वर्षं शेजारी बसून मी तुझी कोण होते? हे मी तिच्या फोटोसमोर उभं राहून बोललेय. एकदा नाही, कितीदा तरी.

पण बाळानं काय कुणाचं घोडं मारलंय? गोधडी करायची ठरवली. रूपालीनं घेतली तर घेतली, नाही घेतली तर तोंडावर फेकू दे.

तो गुरुवार होता, मार्च महिना. हे मित्रांबरोबर सकाळीच अक्कलकोटला गेलेले, दीर ड्युटीवर. दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जाणार होती, त्यामुळं मागच्या गल्लीतले यंत्रमाग बंद. एरवी त्या खटखटीत आम्ही ओरडून बोलतो, त्या दिवशी सुई कापडातून निघाल्याचं ऐकू येत होतं. मागचं दार लावलेलं होतं. पुढच्या दाराला मी आतून कडी घातली, कारण मला त्या दिवशी कुणी यायला नको होतं.

वरचा थर आदल्या आठवड्यात जोडून ठेवला होता. माझ्या सुती साड्यांचे तुकडे, आणि मध्ये सुनंदाच्या जुन्या इरकलीचा एक चौकोन. द्यायचा नव्हता सुनंदाला चौकोन. पण रूपाली आधी तोच शोधणार, म्हणून घातला. सकाळी शाळेच्या चौकटीच्या कागदावर ओळी आखल्या – कुठली लाल, कुठली हिरवी, किती बोटांवर. मग त्या चौकोनावर साखळी टाक्याची वेल भरली, सहा पानं, एक कळी. छान झाली, खोटं कशाला बोलू. खाली धोतराचं पांढरं अस्तर, पोटात विरलेली सोलापुरी चादर, कडेनं कच्चे टाके. दीडच्या सुमाराला लाल दोऱ्याचं नवं रीळ फोडलं आणि पहिली ओळ उजवीकडून सुरू केली.

मध्यावर आले आणि हात थांबला. सवय, दुसरं काय. पलीकडून येणारं कुणी नाही हे डोक्याला माहीत, हाताला माहीत नाही. इतका संताप आला मला स्वतःचा, की मी दोरा तोडला, सुई उशीला टोचली आणि जेवायला उठले.

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. स्वयंपाकघरात बसून जेवले, ताट घासलं. फार तर अर्धा तास. पुढच्या खोलीत आले तर डाव्या बाजूची ओळ घातलेली होती.

लाल दोरा. डाव्या काठापासून निघालेला. काठाला गाठ – वरच्या बाजूला, शेपटासकट.

दोन्ही दारं पाहिली. कड्या जशाच्या तशा. सुई उशीला, रिकामी. अंगावर काटा, घाम, वास, सावली... असलं काही झालं नाही, ते दुसऱ्यांच्या अनुभवात वाचा. मला राग आला. असा राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. मी मोठ्यानं बोलले, "आता आलीस व्हय? शिवायला येतंय, तेव्हा तोंड उघडायला येत नव्हतं? ऊठ हितनं. माझ्या गोधडीला हात लावायचा नाही." आणि कात्री घेऊन उसवायला बसले.

काठाकडचे टाके सहज निघाले असते, तांदळाएवढे. पण मी मध्याकडून सुरुवात केली, तिथं कात्रीचं टोक आत जाईना. टाके लहान होत गेलेले. मग आणखी लहान, तिळाएवढे, आणि वाकडे. आणि ओळ मध्यापर्यंत आलेलीच नव्हती. चांगली चार बोटं आधी थांबली होती.

मी कात्री खाली ठेवली. पलंगावर यांची गोधडी असते, आम्ही दोघींनी शिवलेली शेवटची. ती ओढून जमिनीवर पसरली. वरून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आमचे दोरे बरोबर मध्यावर भेटलेले. दहाव्या ओळीत मध्याच्या थोडं डावीकडं. विसाव्या ओळीत हातभर डावीकडं. आणि शेवटच्या पाच-सहा ओळी तर जवळजवळ एकट्या माझ्याच होत्या, तिचे वीतभर तिळाएवढे टाके, बस्स. तिचा हात उचलत नव्हता. ओळीमागून ओळ ते तिथं शिवलेलं होतं, आणि रोज रात्री आमचे हे ते अंगावर घेऊन झोपत होते.

मला आठवलं ती काय म्हणायची ते. "अक्का, तुमी या की जरा हिकडं." रोज म्हणायची. हसून म्हणायची. आणि मी काय म्हणायचे? "आळशी झालीस लई." हे माझे शब्द. चार बायकांत सांगायचे मी, सुनंदा अलीकडं कामचुकार झालीय म्हणून.

किती वेळ बसले होते माहीत नाही. लाईट आली, माग सुरू झाले, हे आले. यांना सगळं दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "तूच घातली असशील. वय झालं आपलं, विसरायला होतंय." मी म्हटलं, "मग डाव्या हातानं सुई धरून दाखवते, बघा." चार टाक्यांत बोटाला टोचून घेतलं आणि टाके असे पडले की पहिलीतली पोरगी बरं शिवेल. हे म्हणाले, "मग वरच्यांनी कुणीतरी..." वर दीर एकटे राहतात, त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही. मी पुढं वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गोधड्या पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं बार्शीला गेले. न सांगता. रूपालीनंच दार उघडलं, आठवा महिना, पाय सुजलेले. 'ये' म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

मी आधी बाळाची गोधडी पसरली. तिनं ती लाल ओळ बघितली, गाठ बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "हे डाव्या हातानं शिवून आणलंस? मला रडवायला?"

"मला डाव्या हातानं येत असतं तर वीस वर्षं तिला कशाला बसवलं असतं पलीकडं?" मी म्हटलं. मग गुरुवारची सगळी हकीकत सांगितली. विश्वास ठेव असं म्हटलं नाही. दुसरी गोधडी काढली आणि तिचं बोट धरून एकेका ओळीवरून फिरवलं, वरून खालपर्यंत. "तू तेराव्याला विचारलंस ना, मला काहीच दिसलं नाही का? हे बघ. माझ्या मांडीवर होतं हे. आणि मी तिला आळशी म्हटलं. तू म्हणालीस ते बरोबर होतं, एवढंच सांगायला आलेय." आणि चप्पल घालायला निघाले.

"थांब," ती म्हणाली. मग म्हणाली, "लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, आई, वेणी तू घाल. तिनं घातली नाही. म्हणाली, मोठ्या आईकडून घालून घे, माजं हात गळाल्यात. मी चिडले तिच्यावर. लग्नात तिच्याशी नीट बोलले नाही मी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मोठी आई. तुला सगळ्यांसमोर विचारलं ना... ते तुला नव्हतं विचारलं."

मग आम्ही दोघी तिथंच जमिनीवर बसलो आणि सुनंदाला शिव्या घातल्या. चांगल्या तासभर. हट्टी, घुमी, स्वतःची वैरीण, काय काय म्हटलं तिला. रूपालीची सासू स्वयंपाकघरातून डोकावून गेली, तिला वाटलं आमचं जुंपलंय.

गोधडी पूर्ण झाली. मुलगी झाली, सव्वा महिन्यानंतर बारशाला मी होते. बाकीच्या सगळ्या ओळी मी एकटीनं काठापासून काठापर्यंत घातल्या, तिथं पुन्हा काही झालं नाही. मी वाट बघत होते हे कबूल करते. पहिल्या ओळीतली ती चार बोटं माझ्याच दोऱ्यानं भरून घेतली.

तो दोरा तिथं कसा आला, मला सांगता येत नाही. दार बंद होतं, घरात मी एकटी होते, आणि मला डाव्या हातानं शिवता येत नाही. यातून ज्याला जे काढायचं ते त्यानं काढावं. सुनंदावरचा माझा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण तिनं मला सांगितलं नाही, असं आता मी कुणाजवळ म्हणत नाही.