सुपारीच्या वळ्यांचा धडा

किनाऱ्यावरच्या एका लहानशा कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वादळात ग्रंथालयाचे पत्रे उडाले आणि आमच्या विषयाच्या पुस्तकांचा लगदा झाला. नवीन पुस्तक मुलांना परवडेना, म्हणून चार-पाच वर्षं नुसत्या नोट्सवर भागवून शेवटी मी इंटरनेटवरचं एक मुक्त पाठ्यपुस्तक वापरायला घेतलं. ते फुकट होतंच, शिवाय हवे ते बदल करून पुढं वाटायची परवानगीही होती. पहिल्याच तासाला ते सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. अख्ख्या वर्गासमोर एकच पान उघडलेलं मी नोकरीत प्रथमच पाहत होते.

घोडं अडलं ते खोडाच्या धड्यात. पुस्तकातलं झाड परदेशी, ओकचं. त्याचं खोड कापलं की आत वर्षाला एक अशी वर्तुळं दिसतात. दिवेआगरहून येणारी एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली. बाबांनी किती सुपाऱ्या कापल्या, पण आत असं वर्तुळ एकपण नव्हतं."

तिचं बरोबर होतं. माड आणि सुपारीचं खोड तसं वाढतच नाही, आणि आमच्या मुलांनी पाहिलेली झाडं तीच. मी म्हटलं, "मग आपला धडा आपणच लिहू."

पंधरा दिवस खपून आम्ही तो मराठीत लिहिला. फोटो मुलांनी काढले. सुपारीच्या खोडावर बाहेरून जी वळी दिसतात, त्यांच्याबद्दल मी हौसेनं एक वाक्य घातलं: 'दरवर्षी एक वळं वाढतं.' पडताळून मात्र पाहिलं नाही. धडा इंटरनेटवर चढवला आणि आठवड्याभरात खाडीपलीकडच्या कॉलेजातल्या एका सरांनी तो आपल्या वर्गात वाटलासुद्धा. मी हवेत होते.

दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी म्हणाली, "आई बोलली, मॅडमना वाडीत घेऊन ये."

तिच्या आईनं मला एका कोवळ्या सुपारीपाशी उभं केलं. "ही वादळानंतर लावलेली. वळी मोजा."

मी मोजली. पंधरा भरली.

"म्हंजे वादळाला पंधरा वर्सं झाली काय?" पदर तोंडाला लावून ती हसत होती. "झावळी गळली का वळं उठतं. वर्साला एक कसं व्हईल?"

मलाही हसू फुटलं, पण कानशिलं तापली होती. घरी येताच ते वाक्य बदललं आणि सरांना फोन केला.

"तुमचं पाच मिनिटांत झालं," ते म्हणाले, "पण माझ्या मुलांच्या हातात झेरॉक्स आहेत. छापील पुस्तकात चार जण तपासतात, मॅडम. इथं कोण तपासणार?"

"तपासणारीलाच घेऊन येते," मी म्हटलं. शनिवारी ती मुलगी, तिची आई आणि मी दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरलो आणि सरांच्या वर्गात गेलो. आई वर्गात चांगलीच खुलली. सोबत आणलेला सुपारीचा ओंडका टेबलावर ठेवून तिनं मुलांना एकेक वळं बोटानं दाखवलं. मुलं झेरॉक्सवरची ओळ खोडत होती. तास संपला तरी कुणी उठेना. एकानं तर माडाचं वय कसं ओळखायचं तेही विचारलं.

"लावणाऱ्याला इचारायचं," ती म्हणाली.

सरांनी हे उत्तर फळ्यावर लिहिलं.