न वाकणाऱ्या आप्पांचा सलाम

हसा खुशाल, पण चहा सांडू नका! माझी झाली तशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये.

या निजामी राज्यात साहेबापुढं कमरेत वाकून सलाम करायची रीत. साहेबही जरासं वाकून सलाम घेणार, आणि ते वर उठेपर्यंत आपण उठायचं नाही. मी साधा ज्वारीचा आडत्या, पण उभ्या जन्मात वाकलो नाही. ताठ उभं राहून कपाळाला हात लावायचा, बस्स! गावात माझी ओळखच ती.

आणि म्हातारपणानं काय करावं? पाठीला पोक आलं! जुने तहसीलदार मला बघून खूश. म्हणाले, "वा आप्पा! उमर के साथ अदब भी आ गया!"

अदब? अंगाचा नुसता तिळपापड झाला! घरी आलो तर बायको म्हणते, "आवो, वय झालं की वाकतंयच मानूस."

"तुला काय कळतंय? लोकाला वाटायलंय, म्या सलाम ठोकायलोय!"

तडक उमरग्याला गेलो. तिथं हाडं बसवणारे एक वस्ताद आहेत. त्यांनी तेल चोळून अंगरख्याच्या आतून पाठीला लाकडी फळी करकचून बांधली. जीव जायची पाळी आली, पण सरळ झालो!

तेवढ्यात वर्दी आली, नवे तहसीलदार येणार. म्हटलं, आता दाखवतोच! चावडीपुढं पाटील वाकले, सगळं गाव वाकलं. मी एकटा खांबासारखा ताठ.

साहेब टांग्यातून उतरले, थेट माझ्यापुढं आले आणि वाकलेलेच राहिले! वर उठेचनात!

माझा ऊर भरून आला. मोठ्या मनानं म्हणालो, "बस, बस, साहेब! सरळ व्हा. आमाला एवढी अदब लागत न्हाय!"



साहेबांनी कशीबशी मान वर केली. "सीधा होना आता तो हो जाते नइं क्या, आप्पा? बुढापे में पीठ झुक गई. सुना, आपका इलाज हुआ. जरा दिखाव!"

आता साहेबाला नाही कसं म्हणणार? सगळ्या गावादेखत अंगरखा काढला, दोऱ्या सोडल्या. फळी निघाली आणि पाठ परत होती तिथं! साहेबांच्या नाकासमोर माझं नाक.

उशिरा आलेली सुताराची म्हातारी पाटलांना विचारते कशी, "आवो, ह्या दोघांचा सलाम कवाधरनं चाललाय? आप्पा उठनार हायत का न्हाय?"

पाटील म्हणाले, "साहेब उठल्याबिगर आप्पा कसं उठतील?"